धापूबाईचा ‘हओ’

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे होकार आणि नकार टाइप केले. आधी खडखडणाऱ्या टाइपरायटरवर, मग संगणकावर. धार आणि देवास या दोन जिल्ह्यांतल्या लहानमोठ्या न्यायालयांत मी साक्ष्य लेखक होते. कुठलं गाव, कुठलं न्यायालय हे मुद्दामच सांगत नाही. माणसं अजून हयात आहेत, आणि ज्या चुकीबद्दल लिहिणार आहे ती माझी आहे, त्या इमारतीची नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. माझं मराठी घरचं आहे, शाळेचं नाही. शाळा हिंदी, नोकरी हिंदी, शेजार माळवी. पण ‘नाही’ म्हटलं आणि मनात आलं, की या शब्दाबद्दलच तर मला काही सांगता येईल.

साक्ष्य लेखकाचं काम तसं सोपं. साक्षीदार कठड्यात उभा राहतो, वकील विचारतात, तो उत्तर देतो, न्यायाधीश, म्हणजे आमचे साहेब, ते नीट वाक्यात बांधून सांगतात आणि आपण टाइप करतो. गंमत अशी, की प्रश्न बहुधा लिहिले जात नाहीत. वकिलांनी विचारलं, “उस दिन बाजार बंद था ना?” आणि साक्षीदार म्हणाला, “हाँ.” की कागदावर येतं, “यह कहना सही है कि उस दिन बाजार बंद था।” तो ‘नहीं’ म्हणाला तर “यह कहना गलत है कि...” काहीच आठवत नसेल तर “मुझे ध्यान नहीं।” आणि कुणी न विचारता आपणहून काही बोललं, तर “साक्षी ने स्वतः कहा।” या चार चाव्यांनी मी एकतीस वर्षं कुलपं उघडली.

म्हणजे बघा, माणूस एक अक्षर उच्चारतो आणि अख्खं वाक्य त्याच्या तोंडी जातं. शब्द वकिलाचे, रचना साहेबांची, टाइप माझं. त्याचं त्यात फक्त ‘हाँ’. आणि त्या वाक्यावर कुणी तुरुंगात जातं, कुणी घरी.

उलटतपासणीच्या शेवटी वकील नेमानं विचारतात, “आप झूठ बोल रहे हैं?” साक्षीदार ‘नहीं’ म्हणतो आणि मी लिहिते, “यह कहना गलत है कि मैं असत्य कथन कर रहा हूँ।” खातेगावकडचा एक बियाणाचा दुकानदार मात्र या प्रश्नावर जरा थांबला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “थोड़ा-थोड़ा.” अख्खं न्यायालय हसलं. साहेबांनी विचारलं, “कौन-सा थोड़ा?” तेव्हा त्यानं शांतपणे कुठलं खरं आणि कुठलं वाढवून सांगितलेलं ते वेगळं करून दिलं. धान्य चाळावं तसं. इतका प्रामाणिक खोटारडा मी पुन्हा पाहिला नाही.

मला आत कुठेतरी मराठीचा आधार होता. आमच्या घरी बरोबरीच्याला ‘हो’ म्हणायचं आणि वडीलधाऱ्यांना ‘होय’. आणि नकार किती! वस्तू नसेल तर ‘नाही’, नकोशी असेल तर ‘नको’, ती ती नसून दुसरीच असेल तर ‘नव्हे’, करणं बरं दिसत नसेल तर ‘नये’. समोरचा ‘नहीं’ म्हणाला की माझं मन आपोआप विचारायचं, यातला कुठला? पण कागदाला त्याच्याशी देणंघेणं नसतं, आणि माझ्या बोटांनाही हळूहळू राहिलं नाही.

आता चूक सांगते. प्रत्येक साक्षीच्या तळाशी एक ओळ असते, “साक्षी को पढ़कर सुनाया, समझाया, सही होना स्वीकार किया।” कायद्यानं ते वाचून दाखवायचंच असतं. पण दिवसाला पाच-सहा साक्षीदार, बाहेर ओट्यावर ओरडणारी गर्दी, जेवणाची सुट्टी टळलेली. ती ओळ मी संगणकात आधीच टाइप करून ठेवली होती. साक्ष संपली की ती खाली आपोआप येऊन बसायची. लिहिता-वाचता येणारा स्वतः नजर टाकायचा. न येणाऱ्याला मी म्हणायची, “यहाँ अंगूठा लगाओ.” आणि तो लावायचा. पंधराएक वर्षं मी असं केलं. कुणी विचारलं नाही. मलाही ते खोटं वाटलं नाही, इतकं ते रोजचं झालं होतं.

मग धापूबाई आली.

वय साठीच्या पुढे, काटक, लुगड्याचा पदर कपाळापर्यंत. माळव्यात मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव धापू ठेवतात. ‘धापणं’ म्हणजे पोट भरणं, म्हणजे आता पुरे. जन्मतःच जिला आईबापांनी ‘आता नको’ म्हटलं होतं, ती बाई साक्ष द्यायला उभी होती, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तिचा एकुलता एक मुलगा दिनेश होता.

प्रकरण असं होतं. दिनेशनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं बायकोला, कंचनला मारलं होतं. डाव्या कोपराचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. दवाखान्यातून पोलिसांना खबर गेली, गुन्हा नोंदला गेला. पण कंचनची साक्ष आठवडाभर आधी झाली तेव्हा ती साफ फिरली. “मैं सीढ़ी से गिर गई थी,” ती म्हणाली. “पति ने नहीं मारा। पुलिस को मैंने कोई बयान नहीं दिया।” पंचवीस वर्षांची पोर, कडेवर मूल. सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवून खूप विचारलं. ती प्रत्येक प्रश्नाला ‘नहीं’ म्हणत राहिली, जमिनीकडे बघत. तो हात मात्र तिच्या अंगाशी दुमडलेला होता, कोंबडीच्या मोडक्या पंखासारखा.

आता घटना पाहणारं एकच माणूस उरलं होतं. आरोपीची आई.

धापूबाईनं सरकारी वकिलांना सरळ सांगितलं. अंगणात गहू पाखडत होते, भांडण झालं, दिनेशनं दांडा उचलला आणि मारला. चार वाक्यं. साहेब तरुण होते, ग्वाल्हेरकडचे. माळवी त्यांना नवी होती. पण एवढं त्यांना कळलं आणि त्यांनी ते सांगितलं, मी टाइप केलं.

मग बचावाचे वकील उठले. चांगले मुरलेले, आवाज मधाळ. ते वाईट गृहस्थ नव्हते. आपलं काम जाणणारे होते. त्यांनी अगदी मुलानं आईला विचारावं तसं सुरू केलं.

“माताजी, आपकी खेती है?”

“हओ.”

“खेत घर से दूर पड़ता है?”

“हओ.”

“सोयाबीन की कटाई चल रही थी?”

“हओ.”

“तो कटाई के टाइम आप खेत पे थीं, आँगन में नहीं थीं?”

“हओ.”

“लड़ाई आपने अपनी आँख से नहीं देखी?”

“हओ.”

वकील लगेच साहेबांकडे वळले. साहेबांनी सांगितलं आणि मी टाइप केलं, “यह कहना सही है कि घटना के समय मैं खेत पर थी, आँगन में नहीं थी। यह कहना सही है कि मैंने घटना अपनी आँखों से नहीं देखी।” दहा मिनिटांपूर्वी मीच याच्या अगदी उलट टाइप केलं होतं. तरी माझी बोटं क्षणभरही अडखळली नाहीत. हे लिहिताना आजही लाज वाटते. साक्षीदार उलटतात, त्याची आम्हाला सवय असते. मला वाटलं, आईच ती, शेवटी विरघळली.

साहेबांनी पुढची फाइल घेतली. मी कागद छापले, शाईचा डबा उघडला आणि धापूबाईला टेबलाशी बोलावलं. तिचा अंगठा शाईत बुडवून जागा दाखवली.

अंगठा हवेतच थांबला.

“यां कई लिख्यो हे, बेन?” तिनं विचारलं. इथे काय लिहिलंय? तिचं बोट शेवटच्या ओळीवर होतं.

वाचता तिला येत नव्हतं. पण जिथे ठसा उमटवायचा तिथे काय आहे, एवढं तिला हवं होतं. मी घाईनं सांगितलं, “बई, इसमें लिखा है कि तुमको पढ़कर सुनाया और तुमने माना कि सब सही है।”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, आश्चर्यानं.

“पण थमने तो बांच्यो ज नी.”

तुम्ही तर वाचलंच नाही. पंधरा वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. ज्यांना वाचता येतं त्यांनीही नाही. मी म्हटलं, “जो तुमने बोला वही लिखा है, बई.” ती म्हणाली, “तो बांची दो.”

मी खुर्ची ओढली आणि वाचायला लागले. “मेरा नाम धापूबाई है।” ती म्हणाली, “हओ.” “मैं आरोपी को जानती हूँ, वह मेरा लड़का है।” “हओ.” प्रत्येक वाक्याला ती मान न हलवता ‘हओ’ म्हणत होती, कहाणी ऐकणारं माणूस हुंकार देतं तशी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा होकार नव्हता. ही पोच होती. ‘ऐकलं, पुढे बोला’ एवढाच त्याचा अर्थ. धारला मी लहानाची मोठी झाले. भाजीवाल्या बायकांपासून शेजारच्या काकीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हा ‘हओ’ मी ऐकलेला. साहेबांना तो कळला नाही यात नवल नव्हतं. मला कळायला हवा होता.

मी हळू वाचत त्या वाक्यापाशी आले. “यह कहना सही है कि घटना के समय मैं खेत पर थी, आँगन में नहीं थी।”

“हओ...” तोंडातून निघालं आणि तिथेच तुटलं. “नी! यो कुणे कियो?”

हे कुणी म्हटलं?

“तुमने, बई. वकील साहब ने पूछा तो तुमने हओ बोला।”

“वकील साब मोटा आदमी हे. वी बोले तो हओ तो केणो पड़े. म्हूं तो वां ज थी, बेन. आंगणा में.” मोठा माणूस बोलला तर हओ म्हणावं लागतं, पण मी तर तिथेच होते.

साक्षीची प्रत घ्यायला बचावाचे वकील टेबलाशी आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते खाली वाकले आणि अगदी मायेनं म्हणाले, “माताजी, रहने दो. अंगूठा लगा दो. लड़का घर आ जाएगा.”

मी तिच्याकडे बघत होते. तिला सगळं कळलं होतं. तिच्या नकळत कागदावर एक वाक्य पडलं होतं आणि त्या वाक्यानं तिचा मुलगा सुटत होता. तिला खोटं बोलायचीही गरज नव्हती; खोटं आधीच बोलून झालं होतं, दुसऱ्या कुणीतरी, तिच्या नावानं. तिनं फक्त अंगठा टेकायचा होता. तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं. दिनेश तिच्याकडेच बघत होता.

तिनं अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली.

मी कागद घेऊन साहेबांपुढे गेले. साक्ष्य लेखकानं न्यायालयात बोलायचं नसतं. तरी मी बोलले. “साहब, साक्षी अंगूठा नहीं लगा रही. कहती है, गलत लिखा है।”

वकिलांनी ताडकन हरकत घेतली, “आपत्ति है! प्रतिपरीक्षण पूरा हो चुका है. टाइपिस्ट ने साक्षी को सिखाया है।”

साक्षीदाराला पढवलं! हा आरोप म्हणजे नोकरीवर पाणी. साहेबांनी पेन खाली ठेवलं. शेवटची ओळ वाचली आणि मला विचारलं, “आपने इसको पढ़कर सुनाया था?”

सरळ ‘हाँ’ म्हणता आलं असतं. वाचलं तर होतंच. हजारो लोकांचे होकार-नकार लिहिलेली मी, आणि माझी स्वतःची साक्ष पहिल्यांदा होत होती.

“सुनाया, साहब. पर इसके माँगने पर. ये लाइन पहले से टाइप रहती है. मैं सबको नहीं सुनाती।”

साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, गेलं सगळं. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. त्या प्रत्येक कागदावर माझ्या ओळीखाली त्यांचीच सही असायची, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यांना सुचलं असावं. मग ते म्हणाले, “साक्षी को वापस बुलाइए. और अब सवाल भी लिखिए, जवाब भी. जैसा बोले, वैसा.”

धापूबाई पुन्हा कठड्यात उभी राहिली. साहेब म्हणाले, “अम्मा, हओ मत बोलना. उस समय कहाँ थीं, खुद बताओ।”

तिनं सांगितलं. हे भांडण सकाळचं, ती शेतावर गेली ते दुपारी. अंगणात सुपात गहू होते. मूल ओसरीवर झोपलं होतं. दिनेशनं दांडा उचलला तेव्हा कंचननं हात वर केला. “दांडो नी टूट्यो, साब. हाथ टूट्यो।” मी ते तसंच लिहिलं. ‘दांडो’ लिहिलं, ‘डंडा’ नाही.

वकील पुन्हा उठले. आता आवाजात मध नव्हता. “आप अपने बेटे से नाराज हो, इसलिए उसके खिलाफ बोल रही हो?”

ती म्हणाली, “नी. म्हारो बेटो हे. पण मार्यो उणे ज।”

नाही. माझा मुलगा आहे. पण मारलं त्यानंच.

एक नकार, एक कबुली, एक ठाम विधान. तीन श्वासांत. एकतीस वर्षांत मी लाखभर पानं टाइप केली असतील, पण माणसाच्या तोंडून शब्द इतका पुरा, इतका त्याच्या स्वतःच्या वजनाचा बाहेर पडताना मी त्या दिवशीच पाहिला. पिंजऱ्यात दिनेशनं बाहीनं तोंड पुसलं. वकील खाली बसले, त्यांनी तो नेहमीचा शेवटचा प्रश्न, “आप झूठ बोल रही हैं?”, विचारलाच नाही.

मी सगळं पुन्हा वाचून दाखवलं. ती ‘हओ’ म्हणत ऐकत गेली. शेवटच्या ओळीनंतर तिनं अंगठा टेकला, जोरात, पलीकडच्या पानावर वळ उठेल इतका.

माझ्यावर कारवाई झाली नाही. साहेबांनी मला एकटीला बोलावून इतकंच म्हटलं, “वह लाइन हटा दीजिए. हर बार टाइप कीजिए, सुनाने के बाद।” दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक साक्ष वाचायला लागले. काम रेंगाळायला लागलं, कारकून कुरकुरले, एक वकील तर मला ‘कथावाचक बाई’ म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात तिघांनी वाक्यं दुरुस्त करून घेतली. एकानं तारीख, एकानं भावाचं नाव. तिसऱ्यानं एक ‘नहीं’ काढायला लावला. मला त्या तिघांबद्दल समाधान वाटायला हवं होतं. पण रात्रंदिवस डोळ्यांपुढे यायचे ते आधीच्या पंधरा वर्षांतले अंगठे. त्यांच्यातले किती ‘हओ’ पोच होते आणि किती होकार, हे आता कुणालाच कळणार नाही. देवासला बदली झाली, निवृत्ती झाली, तरी ते ओझं उतरलेलं नाही. उतरूही नये.

काही महिन्यांनी निकाल लागला. दिनेशला शिक्षा झाली. धापूबाई त्या दिवशी आली होती, आणि तिच्याबरोबर कंचनही. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये मूल. निकाल वाचून झाल्यावर बाहेरच्या लिंबाखाली कंचननं मला गाठलं. “बेन, म्हने तो झूठ बोल्यो थो. म्हारे भी सजा होयगी?”

उत्तरं लिहिणं हे माझं काम होतं, देणं नव्हे. धापूबाईनंच मागून उत्तर दिलं. “थने झूठ नी बोल्यो. थूं डरी थी।” तू खोटं बोलली नाहीस. तू घाबरली होतीस. कागदावर या दोन गोष्टींना वेगळी चावी नव्हती. तिच्याकडे होती.

पोलिसांची गाडी उभी होती. दिनेशला आणलं. धापूबाईनं पदराखालून फडक्यात बांधलेल्या पोळ्या काढल्या आणि शिपायाला विचारायला मला पुढे केलं. तो म्हणाला, “दे दो, माताजी, जल्दी।” तिनं पुडकं पुढे धरलं. दिनेशनं मान फिरवली. ती तशीच उभी राहिली, हात लांब करून. त्याला गाडीत चढवलं, जाळीचं दार लागलं, इंजिन सुरू झालं, तरी तिनं हात मागे घेतला नाही. शिपायानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दार पुन्हा जरासं उघडलं.

आत दिनेश जोरजोरानं मान हलवत होता. नाही, नाही, नाही. आणि त्याच वेळी त्याचा हात त्या फटीतून बाहेर आला होता आणि त्यानं पोळ्या घट्ट धरल्या होत्या.

हे कसं टाइप करायचं, ते मला अजून ठाऊक नाही.